दुसरे परीक्षक आणि त्यांच्या सासूबाई

आमची मावशी धर्माच्या क्षेत्रात आली ती पंपांच्या क्षेत्रातून.

पंप म्हणजे पाण्याचे. कॉमर्सची पदवी घेऊन ती एका पंपाच्या कारखान्यात लागली आणि माहितीपत्रकं लिहायचं काम तिच्या गळ्यात पडलं. खोक्यात घडी घालून ठेवलेलं ते कागदाचं चिठोरं असतं ना, जे कुणी वाचत नाही, ते. मावशीचं म्हणणं, लोक वाचत नाहीत हे खरं, पण मोटर जळली की वाचतात. ‘आधी पाणी भरा, मग बटण दाबा’ यातला ‘आधी’ छापताना गळला म्हणून एकदा चाळीस मोटरी जळल्या होत्या. ते पत्रक तिनं लिहिलेलं नव्हतं, तिच्या आधीच्या माणसानं लिहिलेलं होतं, हे ती आजही कुणी न विचारता सांगते.

कारखाना बंद पडला तेव्हा मावशी चाळिशीला टेकली होती. एका मैत्रिणीनं सांगितलं, कॉलेजात एक त्रैमासिक निघतं, तिथे कार्यालय सांभाळायला आणि मुद्रितं तपासायला माणूस हवंय. मावशी गेली आणि दुसऱ्या दिवशीपासून रुजू झाली. त्रैमासिक कशाचं हे तिला तिथे गेल्यावर कळलं. धर्माच्या अभ्यासाचं. धर्माचं नव्हे, धर्माच्या अभ्यासाचं. हा फरक संपादक सरांनी तिला पाऊण तास समजावून सांगितला. तिनं वहीत दोन ओळी लिहून घेतल्या: ‘इथे प्रार्थना करत नाहीत. लोक प्रार्थना का करतात यावर भांडतात.’

कार्यालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली. एका बाजूला रसायनशास्त्राचं भांडार, दुसऱ्या बाजूला स्वच्छतागृह, त्यामुळे वास कुठला येतोय यावरून वारा कुठून वाहतोय ते कळायचं. दोन टेबलं, तीन कपाटं आणि संपादक सर. सर उंच, किंचित वाकलेले, स्वभावानं गायीसारखे. दोष एकच, वाक्य पुरं करायचे नाहीत. “बाई, तो लेख जरा... म्हणजे त्या दोघांना... आणि मग काय ते...” एवढ्यावर मावशी सगळं समजायची.

त्रैमासिकाचा नियम असा होता की आलेला प्रत्येक लेख लेखकाचं नाव खोडून दोन जाणकारांकडे पाठवायचा. हे परीक्षक. त्यांनी लेख वाचून शेरे द्यायचे आणि ते शेरे परीक्षकांची नावं खोडून लेखकाला पाठवायचे. म्हणजे कोणी कोणाला शिव्या दिल्या हे कोणालाच कळू नये. पहिले परीक्षक बहुधा दोन ओळींत उरकायचे. दुसरे परीक्षक उत्तरच द्यायचे नाहीत. ‘पुढच्या आठवड्यात पाठवतो’ असं म्हणून एक गृहस्थ सेवानिवृत्त झाले होते.

मावशी मुद्रितं आणि नवे आलेले लेख घरी आणायची. घरी काका, ते बस डेपोत मेकॅनिक, आणि काकांची आई, म्हणजे आमच्या आजी. आजींना दिसायचं कमी, पण कान असे की शेजारच्या घरात चमचा पडला तर लहान की मोठा ते सांगतील. मावशीला एखादं वाक्य कळलं नाही की ती ते मोठ्यानं वाचायची. आजी मटार सोलता सोलता म्हणायच्या, “म्हणजे काय गं?” मावशी पुन्हा वाचायची. पुन्हा “म्हणजे काय गं?” आलं की मावशी एका चिठ्ठीवर पान नंबर टाकून शंका लिहायची. सरांना विचारू म्हणून. सरांना विचारायचं राहून जायचं आणि चिठ्ठ्या साठायच्या.

तर एकदा मौनावर एक लेख आला. अठ्ठावन्न पानांचा. पहिल्या परीक्षकांनी ‘छापण्यास हरकत नसावी’ असं कळवलं. दुसऱ्यांचा पाच महिने पत्ता नाही. त्यांच्या नावाची फाईल रिकामीच पडलेली, म्हणून मावशीनं या लेखावरच्या आपल्या चिठ्ठ्या टाचणी लावून तीत ठेवल्या. आणि नेमकी दुसऱ्या दिवशी ती अक्कलदाढ काढायला गेली.

ती नव्हती त्या दोन दिवसांत सरांना कामाचा उत्साह चढला. असं वर्षातून एकदा व्हायचं. त्यांनी तुंबलेल्या सगळ्या फायली निकालात काढल्या. ‘दुसरे परीक्षक’ लिहिलेल्या फाईलमध्ये चक्क शेरे सापडले, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! चष्मा डोळ्यांवर नव्हता, कपाळावर होता. त्यांनी झेरॉक्स काढली आणि पाकीट टपालात टाकलं.

मावशी आली ती गाल फुगवून, तोंडात कापसाचा बोळा धरून. फाईल उघडली, रिकामी.

“फर, फाईल!”

“हो, हो, पाठवली... दुसऱ्यांचे शेरे अखेर... काय ते...”

“फर, ते माझं होतं!”

“बाई, तुम्ही बोलू... म्हणजे टाके ते...”

मावशीनं मग कागदावर लिहून दिलं: ‘ते शेरे परीक्षकांचे नाहीत. माझे आहेत. काही सासूबाईंचे आहेत.’ सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं, आणि खुर्चीत बसले. मग कार्यालयात ठेवलेली स्थळप्रत काढून दोघांनी शेजारी बसून वाचली.

‘पान ३. हे वाक्य दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना भाजी करपली.

पान ९. मौनाची अनुपस्थिती म्हणजे आवाज का? मग आवाज म्हणा.

पान १४. हे पान ६ वर सांगून झालंय. पान ११ वरही.

पान २२. सासूबाई विचारतात, या गृहस्थांच्या घरी बोलायला कोणी नाही का?

पान ३१. म्हातारा बाप मुलाच्या फोटोसमोर काही न बोलता बसतो, हे फार छान आहे. लगेच सिद्धान्त कशाला आणलात? त्याला जरा बसू द्यायचं होतं.

पान ५८. संपलं.’

सरांचा चेहरा पांढरा पडला. “हे गृहस्थ विभागप्रमुख आहेत,” ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचं एक वाक्य पूर्ण झालं.

तीन आठवडे टपालवाला आला की मावशी पाणी प्यायला उठायची. मग पत्र आलं. मौनाच्या प्राध्यापकांनी लिहिलं होतं: ‘दुसऱ्या परीक्षकांचे आभार कसे मानू? बावीस वर्षांत माझा लेख इतक्या बारकाईनं कुणीच वाचला नव्हता. प्रामाणिकपणे सांगतो, कुणी पान ३१ पर्यंत पोचलं असेल असंही मला वाटत नाही. लेख एकोणीस पानांवर आणला आहे. म्हाताऱ्याला बसू दिलं आहे. पान २२ वरच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. पत्नी जाऊन चार वर्षं झाली.’

मावशीनं घरी हे वाचून दाखवलं तेव्हा आजींचा मटार सोलणारा हात थांबला. “अगंबाई! मी आपलं सहज बोलले,” त्या म्हणाल्या. “जेवायला बोलाव त्याला.”

“आई, मी कोण आहे हे त्यांना माहीतच नाही. कसं बोलावू?”

“मग कळव की, मी कोण ते.”

ही गोष्ट लपवून ठेवणं बरोबर नाही असं सरांनाही वाटत होतं. त्यांनी प्राध्यापकांना कबुलीजबाबाचं पत्र लिहायला घेतलं आणि मसुदा मावशीकडे दिला. मावशीनं परत केला: ‘दुसरं वाक्य कळलं नाही.’ सरांनी सुधारलं. ‘आता कळलं, पण चूक पाकिटाची होती असं वाटतंय.’ पाचव्या मसुद्यानंतर सरांनी हात टेकले. “बाई,” ते म्हणाले, “ही फाईल तूर्त... तुमच्याकडेच... म्हणजे पुढचा लेख आलाय, तो जरा...”

अशी मावशी दुसरी परीक्षक झाली. सांगायचं तर दोन वर्षं तिनं हे काम फुकट आणि घाबरत घाबरत केलं. उंबरठ्यावरचा लेख आला, मेणबत्त्यांवरचा आला, राखेवरचा आला. काकाही सामील झाले. ‘विश्वचक्राच्या गतीचं यंत्रशास्त्र’ या लेखावरचा शेरा, की असं चक्र फिरलं तर बेअरिंग तासाभरात जाम होईल, तो काकांचा. त्या लेखकानं घाबरून लेखच मागे घेतला.

विद्वानांत मात्र दुसऱ्या परीक्षकांचा बोलबाला झाला. ते परदेशात असतात. नाही, ते नव्वदीचे आहेत आणि डोंगरावर राहतात. एका परिसंवादात तर एका तरुण विद्वानानं निबंधच वाचला की त्यांच्या शेऱ्यांत वारंवार येणारी ‘सासूबाई’ ही खरी व्यक्ती नसून परंपरेच्या प्रश्नार्थक आवाजाची प्रतिमा आहे. तो निबंध मग आमच्याच त्रैमासिकाकडे छापायला आला. नियमाप्रमाणे मावशीकडे आला. नियमाप्रमाणे तिनं तो वाचून दाखवला.

“मी काय आहे म्हणाला तो?” आजींनी विचारलं.

“प्रतिमा, आई.”

“म्हणजे काय गं?”

मावशीनं चिठ्ठी लिहिली: ‘सासूबाईंना कळलं नाही.’ तो तरुण विद्वान म्हणे हे वाचून आनंदानं रडला.

आणि मग अध्यक्षांचा लेख आला.

अध्यक्ष म्हणजे संपादक मंडळाचे अध्यक्ष. कोट, छातीवर दोन पेनं, आणि आवाज असा की दारातून आत येण्याआधी तो आत यायचा. परीक्षकांचे नियम त्यांनीच केलेले, त्यामुळे त्यांचाही लेख नाव खोडूनच आला. विषय होता ‘सामूहिक प्रार्थनेतील जांभई’. एका प्रार्थनागृहात मागच्या बाकावर बसून त्यांनी तीन महिने जांभया मोजल्या होत्या. शंभरातले सरासरी त्रेसष्ट लोक जांभई देत होते. अध्यक्षांचा सिद्धान्त असा की ही झोपेची जांभई नव्हे. माणूस प्रार्थनेत स्वतःला सैल सोडतो, त्याची ही शरीरातली खूण.

पानं चव्वेचाळीस. मावशीनं सगळी वाचली आणि एकच चिठ्ठी लिहिली: ‘खिडक्या उघड्या होत्या का?’

अध्यक्षांनी तातडीची बैठक बोलावली. मावशी नेहमीप्रमाणे इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात बसली. टेबलाभोवती सातजण, त्यांत नव्यानं मंडळावर घेतलेले मौनाचे प्राध्यापक. बारीक अंगाचे, शर्टाची वरची गुंडी चुकीच्या काजात घातलेले. बाहेर रसायनवाल्यांचं काहीतरी सांडलं होतं म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या.

“तीन महिने!” अध्यक्ष म्हणाले. “तीन महिने मी जांभया मोजल्या. आणि यांचा शेरा काय, तर खिडक्या! मी लेख वाचतो. तुम्हीच ठरवा.”

आणि त्यांनी लेख पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

चौथ्या पानावर कोशाध्यक्षांनी जांभई दिली. ती लपवायला त्यांनी रुमाल तोंडाशी नेला, तो पाहून शेजारच्यांनी दिली. मग पलीकडच्यांनी. जांभई टेबलाभोवती ताट फिरावं तशी फिरली. सरांनी जांभई दाबली तर त्यांचे कान हलले. सातव्या पानावर ‘मुखविवराचं हे निःसंकोच उघडणं’ असे शब्द आले आणि खुद्द अध्यक्षांचं मुखविवर निःसंकोच उघडलं. ते थांबले. खोलीत कुणी कुणाकडे बघेना.

मौनाचे प्राध्यापक काही न बोलता उठले आणि त्यांनी दोन्ही खिडक्या उघडल्या. गार वारा आत आला. वासही आला, पण सगळे ताठ बसले. अध्यक्षांनी पुढची तीन पानं वाचली. एकही जांभई नाही.

मग कोशाध्यक्षांना हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना.

अध्यक्ष लालबुंद झाले. “मला या परीक्षकांचं नाव हवंय!”

“नाव सांगता येत नाही,” सर म्हणाले. “म्हणजे तुमचाच नियम... कलम चार...”

“कलम चार रद्द!”

कोपऱ्यात मावशीनं ‘कलम चार रद्द’ असं इतिवृत्तात लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि उभी राहिली. ती सांगते, त्या क्षणी तिच्या मनात एकच होतं, ते मोटरी जळल्याचं पत्रक दुसऱ्याच्या नावावर निभावलं, हे काही तसं निभावायचं नाही.

“मी आहे,” ती म्हणाली. “दुसरी परीक्षक मी आहे. दोन वर्षांपासून.”

“तुम्ही?” अध्यक्ष म्हणाले. “तुमचं शिक्षण काय?”

“बी.कॉम. आणि पंप.”

“पंप?”

“पंपांची माहितीपत्रकं लिहायचे.”

सर धडपडत उभे राहिले. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “पहिले शेरे मी चुकून पाठवले. नंतरचे जाणूनबुजून पाठवले. कारण ते बरोबर होते.” सलग चार पूर्ण वाक्यं. खाली बसल्यावर त्यांना घाम फुटला.

मग मौनाच्या प्राध्यापकांनी घसा खाकरला. “म्हणजे सासूबाई खऱ्या आहेत?”

“आहेत ना. घरी आहेत.”

“बऱ्या आहेत?”

“गुडघे दुखतात. बाकी बऱ्या आहेत. तुम्हाला दोन वर्षांपासून जेवायला बोलवायचं म्हणतायत.”

“येईन की,” प्राध्यापक म्हणाले आणि डोळ्यांची उघडझाप करत खिडकीकडे बघायला लागले.

अध्यक्ष कागद गोळा करून निघून गेले. मावशीनं त्याच संध्याकाळी राजीनाम्याचं पत्र लिहिलं. सरांनी ते वाचून तिच्याच पद्धतीनं परत दिलं: ‘पहिलं वाक्य कळलं नाही.’ मावशीनं पुन्हा लिहिलं. ‘कळलं, पण पटलं नाही.’ दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी प्राध्यापक घरी जेवायला आले, आजींशी चार तास बोलले, आणि त्या गडबडीत राजीनामा राहूनच गेला.

दीड महिन्यानं अध्यक्ष कार्यालयात आले. आवाज या वेळी त्यांच्या मागून आला. सर तासावर गेले होते, मावशी एकटीच होती.

“उघडल्या मी खिडक्या,” ते म्हणाले. “प्रार्थनागृहाच्या. रखवालदाराला गयावया करून. पुन्हा मोजल्या.”

“किती निघाल्या?”

“सतरा.” ते खुर्चीत बसले. “शेहेचाळीस जणांना हवा कमी पडत होती. मान्य. पण हे सतरा! गार वारा सुटलाय, पाठीत हुडहुडी भरतेय, आणि हे सतरा जण जांभया देतायत. यांचं काय करू?”

“रात्रपाळीचे असतील,” मावशी म्हणाली. “नाहीतर घरात तान्हं मूल असेल.”

“असेल. पण मला कसं कळणार?”

मावशीला क्षणभर वाटलं, हे गंमत करतायत. “सर, विचारा की त्यांना.”

साडेचार महिने अध्यक्षांनी माणसं मोजली होती. एकाशीही बोलले नव्हते.

मग ते गेले आणि विचारून आले. सतरांपैकी अकरा रात्रपाळीचे आणि तान्ह्या मुलांचे आईबापच निघाले. मावशीनं याबद्दल अजिबात फुशारकी मारली नाही, असं तिचं म्हणणं आहे. काकांचं म्हणणं वेगळं आहे. चौघांना जांभई दिल्याचं मान्यच नव्हतं. एकजण म्हणाला, तुम्ही मागे बसून आमच्याकडे बघता, त्यानं आम्हाला जांभया येतात.

राहिली एक बाई. कपडे इस्त्री करून पोट भरणारी, पन्नाशीची. अध्यक्षांनी तिचं उत्तर शब्द न बदलता लिहून आणलं होतं: ‘दिवसभर दात आवळून असते मी. इथे बसले की जबडा सुटतो. मग जांभई येते. देवाला काय वाटत असेल, माहीत नाही.’

नवा लेख अकरा पानांचा होता. शंभरातल्या त्रेसष्टांपासून सुरू होऊन तो त्या एका बाईपाशी येऊन थांबत होता. तिच्या उत्तरानंतर अध्यक्षांनी काहीही लिहिलं नव्हतं. मावशीनं तो आजींना वाचून दाखवला. आजी शेवटपर्यंत गप्प राहिल्या. मग त्यांनी तोंड उघडलं, पण ‘म्हणजे काय’ म्हणाल्या नाहीत.

“खरंय,” म्हणाल्या. “मला भांडी घासून झाली की व्हायचं तसं.”

मावशीनं दोन दिवस लेख जवळ ठेवला. तिचं म्हणणं, अध्यक्षांचा सिद्धान्त शंभरांत एका माणसापुरता तरी खरा निघाला होता आणि ते तिला आधी दिसलं नव्हतं. याची तिला जरा खंत वाटली. तसं तिनं अध्यक्षांना सांगितलंही. ते म्हणाले, “बाई, माझ्या उरलेल्या सगळ्या लेखांत मिळून एकही निघालेला नाही.”

पुढच्या बैठकीत कलम चार परत आणलं आणि त्याच्याखाली एक नवं कलम घातलं: कोणताही लेख दोन जाणकारांकडे जाण्याआधी एका समंजस वाचकाकडे जाईल. ‘समंजस’ की ‘सामान्य’ यावर सव्वा तास वाद झाला. मावशी इतिवृत्त लिहीत होती. शेवटी एकमत होईना तेव्हा तिनं दोन्ही शब्द गाळले आणि नुसतं ‘वाचक’ लिहिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तेच छापून आलं.